सोमवारची पहिली बाटली

७ जुलै, सोमवार

परत शून्य! शाळेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीनचा पत्ताच नाही. शहरभरच्या बाकी सगळ्या बाटल्या ठीक, ही एकटीच रुसलेली. मागच्या सोमवारीही हेच. नियम असा की दुसऱ्या दिवशी परत नमुना आणायचा, तो ठीक आला की 'ठीक' लिहून मोकळं व्हायचं.

बाईंना विचारलं, सोमवारीच का? चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपण किती ते सांगतो. का ते सांगायला आपल्याला ठेवलेलं नाही." पाणी तपासायची ही प्रयोगशाळा त्यांची, मी हाताखालची, त्यामुळे मी गप्प बसले. डोकं कुठलं गप्प बसायला!

संध्याकाळी कॉलेजच्या सरांचा फोन. एम.एस्सी.ला माझी जागा धरून ठेवलीय, महिनाअखेरीपर्यंत कळव म्हणाले. मी हो म्हणणार तेवढ्यात — "पण का यायचंय ते आधी सांग. मार्क चांगले पडले म्हणून नको येऊस." "आवाज येत नाहीये सर" म्हणून फोन ठेवला. कसली मी!

८ जुलै, मंगळवार

शाळेचं पाणी आज ठीक. अर्थातच.

१० जुलै, गुरुवार

ताईला विचारलं. तिने एम.एस्सी. केलं आणि आता बँकेत आहे. "पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसरं, आता सोडून तरी काय करू, असं म्हणत गेलं." पस्तावतेस का? "नाही गं. पण मला कुणी का ते विचारलंच नव्हतं. तुझे सर भलतेच आहेत."

बाबांचं एकच पालुपद — बाई कायमची नोकरी देतायत, हातची घालवू नकोस. बाबा चुकीचं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत. मला हे काम आवडतं. थेंब टाकला की पाणी गुलाबी होतं, ते रोज बघूनही कंटाळा येत नाही. मग पुढे शिकायचं कशाला? सगळ्या मैत्रिणी चालल्यात म्हणून? हे सरांना सांगितलं तर फोनमधून कान धरतील.

१४ जुलै, सोमवार

शून्य!! मी चक्क टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, पाणी खराब आलं म्हणून टाळ्या पिटणारी तू पहिलीच.

डबा खाताना एकदम डोक्यात आलं. रविवारी शाळा बंद. पाणी दिवसभर पाइपात पडून राहणार, त्यातला क्लोरीन उडून जाणार. सोमवारी आमची गाडी सगळ्यात आधी शाळेतच जाते, म्हणजे नेमकं ते शिळं पाणी बाटलीत येतं. इतकं सोपं! पण खात्री करायला हवी.

२१ जुलै, सोमवार

ड्रायव्हरकाकांबरोबर गाडीतून गेले. गाडीतला तपासणीचा संच बिघडल्यापासून पाणी बाटल्यांतून आणावं लागतं; भरायला मदत करते म्हटलं, तेवढं निमित्त पुरलं. काकांनी खोक्यातली पहिली बाटली हातात दिली, ती भरली. मग नळ दहा मिनिटं वाहू दिला आणि दुसरी भरली. शाळेच्या शिपाई मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "पाणी तपासताय की वाया घालवताय?"

पहिली शून्य. दुसरी एकदम ठीक!

जिंकले! मावशींना लगेच फोन केला — दर सोमवारी मुलं यायच्या आधी नळ सोडून ठेवत जा. बाईंनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली.

२३ जुलै, बुधवार

बाईंना होकार दिला. सही सोमवारी. का ते इथे बसूनही शोधता येतं, हे मी सिद्धच केलंय की! आता सरांना नाही म्हणून कळवायचं.

२५ जुलै, शुक्रवार

सरांना फोन केला नाही. का केला नाही, कोण जाणे.

२६ जुलै, शनिवार

दर शनिवारी बाई जंतूंच्या तपासणीच्या बाटल्या तयार करतात. त्यांत आधीच चिमूटभर पूड घालतात. ती पूड क्लोरीन मारते, म्हणजे जंतू असलेच तर तपासेपर्यंत जिवंत राहतात. मी हात धूत होते. काका सोमवारचं खोकं भरत होते. त्यात पुढचा एक कप्पा रिकामा — जूनमध्ये बाटली फुटली तेव्हापासून. काकांनी सहज बाईंच्या टेबलावरची एक बाटली उचलली आणि तिथे ठेवली. अगदी हाताशी.

"काका, ही का?"

"मोकळा कप्पा डोळ्यांना खुपतो गं. सगळ्या सारख्याच तर असतात."

"दर शनिवारी ठेवता?"

"मग!"

मी नळ बंद करायची विसरले. तीच बाटली काढून आमच्याच नळाचं पाणी भरलं. शून्य!

म्हणजे शाळेचं पाणी चांगलंच होतं. क्लोरीन बाटली खात होती. आणि दुसरी बाटली ठीक आली ती दहा मिनिटांमुळे नाही, तर ती दुसरी होती म्हणून! माझं इतकं देखणं उत्तर, साफ चूक. रडू यायला हवं होतं. मी घरी येईपर्यंत हसत होते.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नळ न सोडता लागोपाठ दोन बाटल्या भरल्या असत्या, तर त्याच दिवशी कळलं असतं. मला ते सुचलंच नाही. ते सुचायला कुठे शिकतात?

२८ जुलै, सोमवार

सहीच्या आधी शाळेत गेले. माझ्या एका फोनवर मावशी आज तासभर लवकर आल्या होत्या. नळ धो धो चालू, भरलेल्या बादल्यांची ओळ. "बंद करा मावशी, पाणी चांगलंच आहे. माझी चूक झाली." त्या रागावल्या नाहीत. नळ बंद करून एवढंच म्हणाल्या, "मग त्या दिवशी एवढ्या खात्रीने कशी काय बोललीस गं?"

तिथूनच सरांना फोन लावला. का यायचंय म्हणून त्यांनी विचारलं. मावशींचा प्रश्न होता तसा सांगितला.

"ये," म्हणाले.