डांगरवाडीचा रकाना

माय, तुझ्या माहेरच्या नदीचं पाणी आता आपल्याकडे आणायचं चाललंय. वैनगंगेचं पुराचं पाणी अडवायचं आणि कालव्याने वर्ध्याच्या बाजूला वळवायचं. त्यात कुणाचं किती भलं, कुणाचं किती नुकसान, याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत साहेबीण झाले हे तुला कुठे माहीत असणार. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते.

फायद्याची बाजू लिहिताना माझा हात कुठे अडला नाही. आंजीच्या पुढची आपली गावं, मार्चातच तळ दाखवणाऱ्या विहिरी, टँकरमागे धावणाऱ्या बाया, सगळं मला पाठ. त्या उन्हाळ्यात अंगात ताप असताना तू शेतातल्या विहिरीवर गेलीस आणि पार खालच्या पायरीवरून घसरलीस ती गेलीसच. पाणी वर असतं तर तू तिथवर उतरलीच नसतीस. कचेरीत हे मी कुणाला बोलले नाही, पण फायद्याची ओळ न् ओळ मी तुझ्यासाठी लिहीत होते. रागाने लिहीत होते म्हण ना.

नुकसानीच्या बाजूला मामाची डांगरवाडी येते, नदीच्या रेतीतली टरबूज-खरबुजांची. धरण झालं की उन्हाळ्यातही पाणी तुंबून राहणार, रेती उघडी पडणारच नाही, मग डांगरं लावणार कशात? मला ती वाडी अजून दिसते. नदी आटली की सगळे पात्रात उतरतात, पावलांनी रेती मोजून घराघराला पट्टा देतात, मधे तुराटीची काडी रोवतात. तू खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून ओल बघतेस, मग शेणखत, मग बी. मी सहा-सात वर्षांची असेन, खेळायला त्या काड्या उपटून आणल्या. तू पाठीत असा धपाटा घातलास की मामीने मला ओढून घेतलं. "इथं काडी रोवली का तोच सातबारा. लोकाइचं घर उपटलं तुनं," म्हणालीस. मग हाताला धरून एकेका पट्ट्यावर नेलंस आणि माझं मला कबूल करायला लावलंस. सगळ्यांनी पुन्हा पावलं मोजली, कुणी रागावलं नाही.

तक्त्यात गट क्रमांकाचा रकाना होता. रेतीला गट क्रमांक नसतो. वरचे साहेब म्हणाले, कागद नाही तर भरपाई नाही, सोडून द्या. मी सोडलं. वेगळी टीप जोडता आली असती, नियमात बसत होतं. पण टीप म्हणजे फेरपाहणी, फेरपाहणी म्हणजे आणखी दोन-चार उन्हाळे, आणि मला इकडे पाणी हवं होतं.

तक्ता वर जायच्या आदल्या दिवशी मामा आला. एसटीने वर्ध्याला उतरून सिंदी मेघेतल्या माझ्या घरापर्यंत चालत, खांद्यावरच्या पिशवीत दोन डांगरं. किती वाळलाय गं तुझा भाऊ.

"पोरी, आमची वाडी कुठी लिवली?"

"तिचा सातबारा नाई ना मामा."

"रेतीचा सातबारा कोन देते? पानी न्या, आमी नाई म्हनत नाई. तुमी बी मानसंच आहा. पन आमाले लिवा तं खरं."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तोच पुन्हा म्हणाला, "तुही माय असती तं काय म्हनली असती?"

"माय म्हनली असती, पानी येऊ दे."

मामा खाली बघत बसला. चहा तसाच राहिला. मग रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली आणि "येतो" म्हणून निघाला. मी त्याला स्टँडवर सोडायलाही गेले नाही. दुसऱ्या दिवशी तक्ता वर गेला, टिपेशिवाय.

हे तुला लिहिलेले कागद कुठेच धाडायचे नाहीत, माय. मामाला धाडावेत असं मनात आलं होतं, पण तो कुणाकडून तरी वाचून घेईल आणि मग त्याला कळेल. तू तसं म्हणाली असतीस का, मला माहीत नाही. त्याला गप्प करायचं होतं, आणि तुझं नाव घेतलं की तो गप्प होतो, एवढंच मला माहीत होतं.