बरे झालेले तिघे

सोमवार, ३ मार्च
नव्या थेरपिस्टांना शिकवायची जागा माझ्याकडे येणार! आमच्या समुपदेशन केंद्राच्या प्रमुख, मॅडम, म्हणाल्या, "अर्ज म्हणजे नुसता सोपस्कार गं. बरे झालेले तीन पेशंट लिही, त्यांची परवानगी घे, झालं." सोबत एक प्रश्नावली. इतर थेरपिस्टांच्या तुलनेत तुम्ही कुठे? आम्ही पाच जण. पाचही जणांनी 'सरासरीपेक्षा वर' अशी खूण केली. मग सरासरी सांभाळतंय कोण — शिपाई?
मीही केली. ठसठशीत.

मंगळवार, ४ मार्च
पहिल्या बाईंना फोन. लगेच हो म्हणाल्या. वर, "तुमच्यामुळेच उभी राहिले." दिवसभर तरंगत होते.

बुधवार, ५ मार्च
दुसरे, लिफ्टची भीती वाटणारे साहेब. सहा बैठकांत बरे — फाइलवर मीच लिहिलंय.
"लिफ्ट? छे हो! तळमजल्यावर बदली मागून घेतली."
"मग मला का नाही सांगितलंत?"
"तुम्ही इतक्या खूश होतात. म्हटलं, कशाला हिरमोड!"
म्हणजे पेशंटच माझं मन सांभाळत होता.

गुरुवार, ६ मार्च
तिसरे शिंपीकाका. बायको गेल्यावर आठ महिने यायचे. मग अचानक बंद. मी 'उद्दिष्ट साध्य' लिहून मोकळी. आमच्यात हीच रीत — यायचा थांबला तो बरा झाला. भांडून गेला तो 'अजून तयार नव्हता'. आम्ही नापास होतच नाही!
फोनवर आधी शिलाई मशीनचा आवाज. मग तो थांबला.
"परवानगी घ्या हो खुशाल. पण बरं वगैरे... मी अर्धं बोललो की उरलेलं तुम्हीच बोलायचात. छान बोलायचात. वाटायचं, आता यांना काय खोडायचं!"
नवऱ्याला सांगितलं. समजूत घालेल म्हणून.
"बावीस वर्षं मी फक्त सुरुवात—"
"करतोस. माहितेय."
हसता हसता त्याला ठसका लागला. मला नाही हसू आलं.

शुक्रवार, ७ मार्च
अर्ज तयार. फक्त सही बाकी. परवानगी तिघांनीही दिलीय, कोणाला काय कळणार? पण त्या नव्या मुलांना शिकवू काय — समोरच्याचं वाक्य तोडायला?
काकांना पुन्हा फोन. "एकदा याल? अर्जासाठी नाही."
"बघतो."

सोमवार, १० मार्च
नाही आले.

मंगळवार, ११ मार्च
मॅडमना सांगितलं, अर्ज देत नाही. "वेडी का तू! आत्मविश्वास कमी पडतोय तुझा."
म्हटलं, उतू जातोय, मॅडम.
आता ती जागा शेजारच्या खोलीतल्या महाशयांना. त्यांच्याकडे बरे झालेले अकरा आहेत म्हणे. पोटात दुखलंच. इथे तरी कशाला लपवू?

गुरुवार, १३ मार्च
काका आले. न सांगता, टेप गळ्यात तसाच.
"ही गेल्यापासून घर..." म्हणाले आणि थांबले.
'खायला उठतं' माझ्या अगदी ओठांवर. फाइलमध्ये हेच त्यांचं वाक्य म्हणून लिहिलंय. अक्षर माझं, आणि आता कळतंय, वाक्यही माझंच. गिळलं. घड्याळात चार मिनिटं गेली. जन्मात इतकी गप्प बसले नव्हते.
"...शांत झालंय," काका म्हणाले. "बरं वाटतं हो मला. त्याचीच लाज वाटते."