दोन वाचनं जुळेपर्यंत

ता. ३, सोमवार
देवाच्या कृपेने नव्या घरात सामान लागलं. दोनच खोल्या, पण हवेशीर. देवांना कोपरा मिळाला, ह्यांना आरामखुर्ची आणि मला खिडकीपाशी टेबल. आणखी काय हवं? खाली रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात, पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणतात.
सामान लावताना चिमीची सीडी हाती आली. आमची एकुलती लेक. जाऊन सहा वर्षं झाली. एकोणिसाव्या वर्षी गायलेल्या अकरा प्रार्थना, तिचा आवाज जगात एवढाच शिल्लक. सीडीवर चरे पडलेत, चकाकी उडायला लागलीय. रेडिओवाले म्हणाले, वहिनी, आताच लॅपटॉपवर उतरवून घ्या, ही काही फार दिवस टिकायची नाही.

ता. ४
सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे डोक्याला ताप. लॅपटॉपबरोबर आलेल्याने चार मिनिटांत सगळं उतरवलं आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. ऐकलं तर चौथ्या प्रार्थनेत टक-टक, आणि सातवीत चिमी एका ओळीवरून तिसरीवर उडी मारते! हे म्हणाले, येतंय तेवढं ऐक की. मी म्हटलं, हिशोबाची बेरीज मी वरून खाली आणि खालून वर करते, दोन्ही जुळल्याशिवाय खाली रेघ ओढत नाही. इथे तर लेकीचा आवाज आहे.
दुसरं दिसायला छान. पण चरा आला की आजूबाजूचं बघून अंदाजाने भरतं. देवाच्या नावात अंदाज? काढून टाकलं.

ता. ६
तिसरं रेडिओवाल्यांनी दिलं. फुकट, पण काय ते नखरे! सीडी फिरवणारा ड्राइव्ह कुठला, किती पुढे-मागे वाचतो, खरं बोलतो का, सगळं आधी विचारतं. दोन दिवस ह्यातच गेले. मॅट्रिकच्या पेपरात एवढे प्रश्न नव्हते. हे म्हणाले, तुझीच बहीण दिसतेय, चौकशी केल्याशिवाय कुणाला घरात घेत नाही.
काम मात्र चोख. प्रत्येक तुकडा दोनदा वाचतं, दोन्ही वाचनं जुळली तरच घेतं, शेवटी अहवाल देतं. रेडिओवाल्यांनी बजावलं, पाच प्रयत्नांवर थांबवा. मी ‘जुळेपर्यंत सोडू नये’ ह्या चौकटीत खूण केली.

ता. ७
चौथी प्रार्थना सबंध उतरली! अहवाल : अचूक. रेडिओवाले मात्र चक्रावले. भिंगातून दाखवलं मला, त्या जागी सीडीचा थरच उडालाय. वाचायला तिथे काही नाहीच, मग आलं कुठून, म्हणाले. मी म्हटलं, देवाला काळजी.

ता. ८
सकाळी पूजेला तीच प्रार्थना म्हणायला बसले. मधल्या दोन ओळी आठवेनात. चाळीस वर्षं म्हणतेय.

ता. ९
पाचवी, सहावी, सातवी. अचूक. ह्यांना विचारलं, चिमीला ह्या प्रार्थना कुणी शिकवल्या हो? हे म्हणाले, चेष्टा करतेस का, तूच की.
वहीत दोन रकाने आखले. डावीकडे भरून निघालेली जागा, उजवीकडे मी काय विसरले ते. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. जुळतंय.
सीडीवरून जे गेलं होतं, ते फक्त माझ्यापाशी होतं. हे सॉफ्टवेअर माझ्यातून वाचतंय. आणि वाचलेलं परत ठेवत नाही.

ता. १०
थांबवायला गेले. म्हणतं, वाचनं जुळलेली नाहीत. वायर उपटली, बॅटरी काढली. लॅपटॉप काळा झाला — ड्राइव्ह फिरतोच आहे. रेडिओवाले धावत वर आले, पिन घालून पाहिली, कप्पा उघडेना. हातोडी द्या म्हणाले.
मीच आडवी आले. फुटली तर उरलेल्या चारही जातील, आणि माझ्याकडून गेलंय ते तर — देवा, काय करू?

ता. ११
पडदा काळाच, तरी त्यावर अहवाल उमटतोय : आठवी. नववी. अचूक.
हे चिमीचा फोटो पुढे धरतात. वेणी लांब होती म्हणतात. असेल — हे रडतायत. का ते सांगत नाहीत.
दहावी.

आज
भर दुपार. ऊन टेबलावर. अकरावी चाललीय.
घरभर कुणा मुलीचा आवाज. काय गोड गाते! ह्यांना म्हटलं, कुणाची हो ही? लेक असावी तर अशी — ह्यांनी तोंड झाकून घेतलं.
अहवाल आला. सगळं अचूक. फक्त एक जागा रिकामी — गाणारीचं नाव. ते मला लिहायचंय.
हे सांगतायत. दोनच अक्षरं. परत परत सांगतायत, मी वहीवर पेन टेकवते आणि —