‘वाईट नाही’ या उत्तराचा चुकीचा अर्थ लावल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
औषध मंजुरी कक्ष,
प्रादेशिक आरोग्य कार्यालय,
पश्चिम जटलंड, डेन्मार्क.

विषय: अर्धशिशीचे प्रतिबंधक इंजेक्शन पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ: इंजेक्शन बंद केल्याचे आपले पत्र.

महोदया,

१. सदर अर्जदार वेस्टरहोल्म गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजविते. शाळेत असल्यापासून तिला अर्धशिशी आहे. गोळ्यांचे सगळे प्रकार करून झाल्यावर आपल्याच कार्यालयाने तिला प्रतिपिंडांचे इंजेक्शन मंजूर केले. डोक्यातील नसांना दुखायला लावणारा जो रासायनिक निरोप असतो, त्याला हे औषध वाटेतच अडविते. दर महिन्याला मांडीत टोचून घ्यायचे, एवढेच काम. त्या वर्षी अर्जदार माणसात आली.

२. वर्ष संपल्यावर आजार अजून आहे की गेला हे पाहण्यासाठी औषध थांबवावे, असा नियम आहे. बुडणाऱ्याच्या हातातली दोरी काढून घेऊन तो अजून बुडतो का हे पाहण्यापैकीच हा प्रकार आहे; तरीही अर्जदाराने तो मुकाट्याने पाळला. आजार आहे. तो परत आला.

३. घोटाळा पुढे झाला. औषध चालू असताना आपल्या डॉक्टरांनी फोनवर विचारले, “औषधाचा गुण कसा आहे?” अर्जदाराने सांगितले, “वाईट नाही.” आमच्या भागात याहून मोठी स्तुती नाही. अर्जदाराच्या पतीने, म्हणजे आक्सेल यांनी, लग्नाच्या जेवणात उभे राहून नवरीबद्दल हेच दोन शब्द काढले होते आणि सासूबाईंना रडू आले होते. डॉक्टर कोपनहेगनचे. त्यांनी लिहिले: ‘अल्प परिणाम.’

४. औषध थांबल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. “आता कसं वाटतंय?” अर्जदार त्या वेळी पडदे ओढून, बादली जवळ घेऊन जमिनीवर पडली होती. ती म्हणाली, “चाललंय. थोडं डोकं जाणवतं, पण तक्रार करण्यासारखं नाही.” डॉक्टरांनी लिहिले: ‘रुग्ण समाधानी. औषधाची गरज नाही.’ म्हणजे औषधावर अर्जदाराचे हाल आणि औषधाविना मजा, असे कागदोपत्री सिद्ध झाले.

५. चूक दुरुस्त करण्यासाठी अर्जदाराने स्वतः फोन केला. परिचारिकेने विचारले, “दहापैकी किती दुखतं, सांगा बरं.” अर्जदाराच्या तोंडून ‘चार’ निघाले. आक्सेलचे काका मासेमारीच्या बोटीवर यंत्रात हात गेला तेव्हा ‘जरा सोललंय’ म्हणाले होते. त्यांच्यापुढे दहा म्हणायची लाज वाटते. दहा हा आकडा आम्ही मेलेल्यांसाठी राखून ठेवतो.

६. सबब अर्जदाराने दुभाषी मागितला. दुभाषी फक्त परभाषेसाठी मिळतो, डॅनिशमधून डॅनिशमध्ये नाही, असे आपल्या कक्षाने कळविले. फेरतपासणी मिळेल, पण ती तेच डॉक्टर घेतील आणि प्रश्नही तोच राहील. अर्जदाराचे तोंड अर्जदाराचे ऐकत नाही. ‘कसं चाललंय?’ म्हटले की ते ‘चाललंय’ म्हणते. या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट अर्जदारास दिसत नाही.

७. गेल्या महिन्यात एका अंत्यविधीत अर्धशिशीचा झटका येऊन अर्जदाराला स्वरलिपीच्या पानाची डावी बाजूच दिसेनाशी झाली. तिने उरलेले भजन आठवणीने वाजविले. पाद्रीबाई नंतर म्हणाल्या, “आज जरा संथ वाटलं.” अर्जदार समजायचे ते समजली. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या वादकाला बोलावतील, आणि तेही फार गोड बोलून. नाताळ जवळ आला आहे. ऑर्गन गेला तर अर्जदाराकडे अंधारी खोली तेवढी उरते.

८. हा अर्ज आधी वेगळा लिहिला होता. आक्सेलने तो वाचला आणि म्हणाला, “यात दुखतं असं कुठेच नाही.”
“ते कळतंच की वाचून.”
“आपल्याला कळतं गं. त्यांना नाही कळायचं. सरळ लिही, बोदिल.”
एवढे बोलून तो कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.

९. तरी लिहिते. महोदया, मला फार दुखते. सहन होत नाही. उद्या उठल्यावर पुन्हा दुखेल या भीतीने मी आजचा चांगला दिवससुद्धा घाबरत काढते. ही वाक्ये कृपया कोपनहेगनच्या अर्थाने वाचावीत आणि माझे इंजेक्शन परत द्यावे. फेरतपासणीत मी याहून कमी सांगितले, तर ते धरू नये. हेच धरावे.

उत्तराची वाट पाहणारी,
बोदिल त्रानक्येर
वेस्टरहोल्म, दि. १९ नोव्हेंबर

सोबत:
१) आपल्या पत्राची प्रत.
२) चर्चच्या पाद्रीबाईंचा दाखला (‘त्या कधी कधी थोड्या फिकट दिसतात’).
३) पती आक्सेल त्रानक्येर यांचे निवेदन, एका ओळीचे: ‘ती म्हणते त्याहून जास्त आहे.’