गुंड्याची पौर्णिमा

अर्विंग,
१७ ऑगस्ट १९९६

ती. बाबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

कंपनीने मला ट्रेनिंगसाठी इथे टेक्सासला पाठवलं आणि तुम्हाला तिकडे उत्तरेत नोव्हायच्या घरात माझ्या पाळलेल्या फेरेटसोबत राहावं लागतंय. तुमचा राग अजून उतरला नसणार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते मान्यही करत नाही, म्हणून हे पत्र.

गुंड्या मुंगसासारखा दिसत असला तरी त्याला मुंगूस म्हणू नका, त्याला ते कळतं. हाती लागेल ते पळवून तो सोफ्याखाली लपवतो, तेव्हा कवळी झाकून ठेवा. एक मात्र नक्की पाळा: त्याची वाटी कधी रिकामी ठेवायची नाही. तो दिवसभर थोडंथोडं खातो. दोन हिवाळे या घरात माझ्याशिवाय हलणारं-डुलणारं असं तोच एक होता, बाबा. त्याला जपा. काही लागलं तर शेजारच्या कांचनताईंना हाक मारा.

लोभ आहेच, त्यातला थोडा चार पायांकडेही वळवावा.

तुमची,
उपासना


नोव्हाय,
२२ ऑगस्ट १९९६

चि. उपासना हीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. कवळी सुखरूप आहे, डावी चप्पल बेपत्ता आहे.

आता महत्त्वाचं. परवापासून तुझं मुंगूस झोकांड्या खातंय. मागचे पाय फाकतात, भिंतीला टेकून उभं राहतं, टक लावून बघत बसतं आणि हाक मारली तर ओळख देत नाही. मी इतकी वर्षं शाळा चालवली. शिपायापासून संस्थेच्या चिटणिसापर्यंत पुष्कळांना असं चालताना पाहिलं आहे. म्हणून घराची झडती घेतली. केकच्या सामानात व्हॅनिलाची बाटली सापडली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरांत अल्कोहोल लिहिलं आहे! पंचशील घेतलेल्या घरात! बाटली माझ्या सुटकेसमध्ये कुलपात आहे. आल्यावर खुलासा करावा.

दिवसभर भरलेली वाटी हेच या बेशिस्तीचं मूळ आहे. वर्षावास चालू आहे. येत्या पौर्णिमेला माझं अष्टशील असेल, दुपारी बारानंतर अन्न नाही. एक दिवस तोही पाळेल. बिघडलेली पोरं शिस्तीने सुधारतात.

तुझा,
बाबा


अर्विंग,
२६ ऑगस्ट १९९६

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि एवढी हसले की लोक वळून बघायला लागले. अहो, त्या व्हॅनिलाचे दोन थेंब केकमध्ये जातात आणि झाकण मला स्वतःला उघडत नाही, तो काय उघडणार! पण खोलीवर येऊन पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. तो कधीच असा चालत नाही. त्याला डॉक्टरकडे न्या आणि कृपा करून वाटी उचलू नका. फोन करत होते, तुम्ही उचलत नाही, कांचनताईंकडेही आज कोणी उचलला नाही. हे पत्र पौर्णिमेच्या आत पोचू दे.

तुमची,
उपासना


नोव्हाय,
२९ ऑगस्ट १९९६

चि. उपासना हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज आलं. पौर्णिमा काल झाली.

बाराच्या ठोक्याला मी दोन्ही ताटं उचलली, माझं आणि त्याचं. मला वाटलं, त्यालाही थोडं पुण्य लागेल. दुपारी बघतो तर तो सोफ्याशी आडवा. तोंडातून लाळ, पंजांनी ओठ ओरबाडत होता, उचलला तर ओल्या मोज्यासारखा लोंबला. काय करावं सुचेना. ओट्यावर पौर्णिमेची खीर होती, कांचनसाठी काढून ठेवलेली. सुजातेने उपासाने खंगलेल्या गौतमाला खीर दिली, हे मी दरवर्षी पोरांना सांगत आलो. तेवढंच डोक्यात आलं. बोटावर खीर घेतली आणि त्याच्या हिरड्यांना चोळली. थोड्या वेळाने डोळे उघडले आणि उपकारकर्त्याला चावला.

कांचनला हाक मारली, तिने तशीच गाडी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटातल्या ग्रंथीवर गाठ आहे, त्यामुळे रक्तातली साखर एकदम उतरते आणि तोल जातो. फेरेटांना हे बरेचदा होतं. खिरीने वेळ निभावली, पण रोज गोड दिलं तर उलटंच होईल. उपाशी ठेवलं तर संपलंच. मी वाटी उचलल्याचं त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. तू बोल.

तुझा,
बाबा


अर्विंग,
२ सप्टेंबर १९९६

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

बोलणार होते. चार कागद फाडले. मग तुमचं ते खिरीचं बोट डोळ्यांसमोर आलं आणि रागच येईना.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. ऑपरेशन त्याला झेपेल असं त्यांना वाटत नाही. दोन वेळा औषध, दर थोड्या तासांनी मांसाचं खाणं आणि घरात दिवसभर कोणीतरी. मी परत आले तरी सकाळी जाणार ती संध्याकाळी उगवणार. तुम्ही ऑक्टोबरात भारतात परत निघणार, दीक्षाभूमीचा सोहळा तुम्ही आजवर चुकवलेला नाही. कांचनताईंच्या ओळखीच्या शैलजाकाकू दिवसभर घरी असतात, त्या त्याला न्यायला तयार आहेत. मी हो म्हणून सांगितलंय. शनिवारी येतील. त्याचं निळं पांघरूण सोबत द्या. पुढे लिहवत नाही.

तुमची,
उपासना


नोव्हाय,
८ सप्टेंबर १९९६

चि. उपासना हीस,
अ. उ. आ.

शैलजाबाई काल आल्या. फार सज्जन बाई. चहा-पोहे देऊन परत पाठवलं.

माझं तिकीट पुढे ढकललं आहे. दीक्षाभूमी आहे तिथेच राहील, पुढल्या वर्षी जाईन. वर्षावासात मी मांस खात नाही, तरी नाकाला रुमाल बांधून कोंबडी मिक्सरमधून काढतो आणि चमच्याने भरवतो. औषध घेताना महाराज शिव्या देतात. काल सोफ्याखाली डावी चप्पल सापडली आणि लगेच उजवी गेली, म्हणजे प्रकृतीला उतार आहे. डॉक्टरीणबाई किती दिवस ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही. येती पौर्णिमा मी एकटाच पाळीन, त्याची वाटी भरलेली असेल.

फोनवर मला ऐकू येत नसेल, पण वाचता येतं. तुझं ते दोन हिवाळ्यांचं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. या हिवाळ्यात घरात हलणारे-डुलणारे तिघं असतील.

लवकर ये. लोभ आता चार पायांकडेच जास्त वळला आहे, उरलेला तुझा.

तुझा,
बाबा

ता. क. व्हॅनिलाची बाटली जागेवर ठेवली आहे. आल्यावर केक कर. गुंड्याला गोड चालत नाही, आपण दोघं खाऊ.