वाकायला शिकवलेली मुलगी

बाबा, तुमची नात आता बावीस वर्षांची आहे आणि मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत खोक्यांना लेबलं लावते. ऑटिझम असलेल्या मुलीला नोकरी लागली म्हणून तुम्ही आपल्या बेसा वस्तीभर मिरवला असता, श्रेयही स्वतःच लाटलं असतं. संस्कार तुमचेच ना! ती लहान असताना दारात पाहुणा आला की तुमची कवायत सुरू. "काहून उभी राहून राहिली वं? पाया पड!" वाकली की बिस्किट. परक्याचा स्पर्श तिला सोसायचा नाही, ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि तुम्ही फुगायचात. शाळेतल्या बाई घरी येऊन सांगून गेल्या, हिला आधी 'नाही' म्हणायला शिकवा, मोठेपणी तेच कामी येईल. तुम्ही बशीतला चहा फुरकत हसलात. "'नाही' म्हणाले काय शिकवाचं? तेच त मोडून काढाचं हाय." उभी हयात साहेबांपुढे वाकण्यात घालवलेल्या माणसाकडून दुसरं काय ऐकायला मिळणार?

तर ऐका, तुमच्या संस्कारांनी काय दिवे लावले ते. कामावर रुजू होताच ती सुपरवायझरच्या पाया पडली, मग गेटवरच्या गार्डच्या. तिथल्या पोरांना आयताच तमाशा मिळाला. एकदा ती डबा विसरली म्हणून मी द्यायला गेले, तर जेवणाच्या शेडमध्ये चारपाच टोणगे ओळीनं उभे. "मले बी आशीर्वाद देऊ दे ना वं!" आणि माझी पोर एकेकापुढे वाकतेय, डोळे मिटून. एकानं तिच्या पाठीवर हात ठेवला तरी ती वाकतच राहिली. सुपरवायझर मलाच म्हणाला, हे थांबत नसेल तर तिला घरी ठेवा. तेव्हापासून रोज तालीम. मी पाहुणी होऊन दारातून आत येते, "पाया पड" म्हणते. तिनं 'नाही' म्हणायचं. कित्येक महिने ती 'नाही' म्हणायची आणि वाकायचीही.

परवा वाकली नाही. शेडमध्ये एकानं बोलावलं, तर ताठ उभी राहून म्हणाली, "नाही. हात लावू नका." सुपरवायझरनं स्वतः फोन करून सांगितलं. मी संत्रा बर्फी आणली, तुमच्या बहिणीला, माझ्या आत्यालाही बोलावलं. आत्या आली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आजीच्या पाया पड." पोरगी बर्फी खाता खाता म्हणाली, "नाही."

तुम्ही असता तर हे सगळं तुमच्या तोंडावर फेकलं असतं, फक्त एवढं गाळून: आत्याचं तोंड उतरलं आणि मला पोरीची लाज वाटली.