माझं पेय, हिची शर्यत

१२ जानेवारी

घराचं पुढचं फाटक. जिन्याचा कठडा. स्वयंपाकघरातलं फडताळ — एकही दार करकरत नाही. पोरीचं अभ्यासाचं टेबल — ती शिकून सवरून परगावी नोकरीला लागली, टेबल अजून ठणठणीत. दुमडती शिडी. चिमूटभर मीठही दाखवणारा वजनकाटा. हिच्या कमरेला बांधायचा बाटलीचा पट्टा — पळताना हलत नाही, काचत नाही. आणि आता पेय. सगळं या दोन हातांनी. कुणाकडे शिकायला गेलो नाही.

पेय आज जमलं! पाणी, साखर, मीठ, लिंबू, गाळलेला संत्र्याचा रस. अकराव्या प्रयत्नाला. बाटली उजेडात धरून किती वेळ बघत बसलो होतो.

ही फेब्रुवारीच्या शेवटी दहा किलोमीटरची शर्यत पळणार आहे. शाळेच्या कचेरीत आयुष्यभर खुर्चीवर बसलेली बाई! शर्यतीचा नियम कडक — ठरल्या वेळेत जे येत नाहीत त्यांना मागून येणारी गाडी उचलून आणते. ही म्हणते, "गाडीतूनच यायचं असतं तर घरूनच बसले असते की."

पळण्याआधी अंगात इंधन हवं. पेट्रोल न घालता मोटार चालते का? हे तिला नीट समजावून सांगितलं.

"मी मोटार नाही," म्हणाली.

१५ जानेवारी

मैदानावरच्या पळणाऱ्यांच्या गटाला पेय दिलं. हातोहात संपलं! बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "दुकानातलं याच्यापुढे पाणी भरेल."

गटात एक शीतपेयांचा वितरक आहे. बाटलीचं बूच उघडल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नाही, म्हणून आम्ही त्याला बूच म्हणतो. पळतो कमी, बोलतो जास्त. दोन ग्लास प्यायला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनींची शर्यत पार पडू दे. मग आपण दोघं बसू. घरची बाई पळाली यावर — अहो, आणखी काय जाहिरात हवी?"

वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने बाटलीचं चित्र काढलं. वर माझं नाव. पुसून परत काढलं, अक्षर तिरकं आलं होतं.

२१ जानेवारी

सहाव्या किलोमीटरला हिच्या पोटात कळ आली. खाली बसली. म्हणे, पेयामुळे. मी म्हटलं, रात्रीचा भात.

२८ जानेवारी

परत तेच. रात्री भात नव्हता.

संध्याकाळी मेव्हणी आली. इस्पितळात आहारतज्ज्ञ आहे. हिने सगळं सांगितलं — तिखटमीठ लावून. मेव्हणीने बाटली हातात घेतली, हुंगली, एक घोट घेतला.

"भावोजी, चवीला छान आहे हो."

"मग?"

"मग ताईला निघताना बाटलीभर कशाला पाजता? पळणार ती तास-सव्वा तास. दीड-दोन तास आधी हलकं खाल्लं, दिवसभर नीट पाणी प्यायली, तर निघताना चार घोट साधं पाणी पुरे. हे उन्हात दोन-दोन तास पळणाऱ्यांना वाटेत कामाला येईल. ताईच्या पोटात ते नुसतं डचमळतंय."

"हे तुमच्या पुस्तकात लिहिलंय?"

"हो. आणि ताईच्या पोटातही लिहिलंय!"

दोघी बहिणी खो-खो हसल्या. मी म्हटलं, अकरा वेळा करून बघितलंय मी, उगाच नाही.

"कुणावर बघितलंत?" मेव्हणीने विचारलं.

हिने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "शिडी केली की गिऱ्हाइकाच्या आधी तुम्ही चढता ना?"

"चढतो. मग?"

"मग काही नाही. चहा घ्या."

२९ जानेवारी

एका गोदामाच्या दाराचं काम. बिजागऱ्या पहिल्याच खेपेला बसल्या. पेयाचा विचारही डोक्यात आला नाही.

आला.

३ फेब्रुवारी

माझ्या वर्कशॉपातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिडीच्या शेवटच्या पायरीवर आधी मी उभा राहतो. वर दोनदा उडी मारतो. मगच गिऱ्हाईक. वजन जास्त, म्हणून माझा भरवसाही जास्त. आणि पेय? ते चाखलं स्टुलावर बसून. पंख्याखाली.

म्हणून सकाळी मैदानावर गेलो. जुने कॅनव्हासचे बूट. ही झोपलेली होती — सांगून गेलो असतो तर अख्खा गट बघायला आला असता. मोजून बाटलीभर पेय प्यायलो आणि निघालो.

पहिली फेरी बरी. दुसऱ्या फेरीत पोटात बादली घेऊन पळतोय असं वाटायला लागलं. पाऊल पडलं की बादली इकडे, पुढचं पडलं की तिकडे. बँकवाले काका नेमके आले! "काय हो, कोण मागे लागलंय?" बोलायला तोंड उघडायची सोय नव्हती. तिसऱ्या फेरीला कुंपण धरलं. अकरावा प्रयत्न बाहेर आला. रंग तोच!

काकांनी पाठ चोळली. "कुणाला सांगणार नाही," म्हणाले. दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

५ फेब्रुवारी

ढोपरं दुखतायत. जिना उलटा उतरतो. कठडा चांगला केला होता, तो कामी आला.

८ फेब्रुवारी

एका शिडीवरून सगळ्या शिड्यांचं मी कधी ठरवत नाही. म्हणून परत गेलो. या वेळी एक केळं आणि टोस्ट खाऊन, पुष्कळ वेळ जाऊ दिला, आणि निघताना चार घोट साधं पाणी. पळालो म्हणण्यासारखं पळालो नाही, पण तिन्ही फेऱ्या झाल्या. पोट गप्प. परवा परत बघणार, आणि नंतर एकदा पेय पिऊनही. नाहीतर दोष न पळणाऱ्या पोटाचा, असं कुणी म्हणेल. म्हणजे मीच म्हणेन.

१४ फेब्रुवारी

बघितलं. पेय पिऊन परत बादली, साध्या पाण्यावर ठीक. माझ्यासारख्या बोजड माणसाला निघण्याआधी याची गरज नाही. तिला तर नाहीच.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो — फार वाईट वाटलं. भिंतीवरचं खडूचं चित्र आहे तसंच आहे. पुसवत नाही.

१५ फेब्रुवारी

आज पट्ट्यातल्या बाटलीत मी साधं पाणी भरलं. मैदानावर तिने घोट घेतला, माझ्याकडे बघितलं.

"लिंबं संपली?"

"संपली."

फडताळात लिंबांची टोपली भरलेली आहे. तिला माहीत आहे, तीच घेऊन आली होती. पण हसली नाही. संसारात असं कधीकधी न हसणं फार मोठं असतं.

आठ किलोमीटर न थांबता!! शेवटच्या वळणावर मला हात केला — मी हात केला नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

संध्याकाळी मेव्हणीला फोन. हवा, तिची बदली, तिच्या सासूबाईंचं गुडघेदुखणं, सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, तुझं बरोबर होतं.

"काय म्हणालात भावोजी? ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं तिला.

२५ फेब्रुवारी

शर्यत. पहाटे गारठा. सुरुवातीच्या कमानीपाशी एका पेय कंपनीचा मांडव, रंगीत बाटल्या फुकट. लोकांची झुंबड! ही तिथून सरळ निघून गेली. दीड तासापूर्वी केळं आणि टोस्ट, निघताना चार घोट. "आणखी काही सूचना?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे सूचना नव्हती.

शेवटच्या रेघेपाशी बूच उभा. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात काल माझ्याकडून मागून नेलेली पेयाची बाटली, वर त्याने छापून आणलेला कागदही चिकटवलेला. "वहिनी आल्या की हातात द्यायची."

पण वहिनी येईनात. तरणी पोरं आली, बँकवाले काका आले, दोन आज्या आल्या. घड्याळाकडे बघवेना. लांबवर गाडीचा पिवळा दिवा दिसला. त्या दिव्याच्या पुढे कुणीतरी. चाल ओळखीची — उजवा खांदा किंचित खाली.

गाडीच्या पुढे होती! जेमतेम, पण पुढे! गाडीतला माणूस खिडकीतून टाळ्या वाजवत होता. रेघ ओलांडून माझ्याच अंगावर आली.

"पोट?" मी विचारलं.

"पोटाचं काय घेऊन बसलात, पाय विचारा!"

बूच धावत आला. "वहिनी, हे धरा, जरा हसा—"

"तुम्हीच प्या. उभं राहून केवढे दमलात."

पाणी प्यायली. बसली. सावकाश श्वास आला. मग माझा दंड धरून म्हणाली, "आता द्या तुमचं ते. आता हवंय." बूचच्या हातातली बाटली घेऊन दिली. सगळी संपवली. तोंड पुसून म्हणाली, "खरंच छान करता हो."

बूचने तेवढ्यात फोटो काढला.

२७ फेब्रुवारी

बूच वर्कशॉपवर आला. कृती माझी, नाव माझं, बाटलीवर हिचा तो फोटो. खाली एकच ओळ छापायची — 'हे पिऊन पळाली.' मी म्हटलं, पळून प्यायली. म्हणाला, "आधी की नंतर, कोण बघतंय?"

नाही म्हटलं. नऊ लाख देत होता.